त्या हॉस्टेलबद्दल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. डोंबिवलीच्या बहिणीला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीला नाही. आईला सांगायची गरजच नव्हती — ते पुढे येईल. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा जून आला की मला घरात बसवत नाही — उठते, पाणी पिते, गॅलरीत जाते, परत येते, काय करायला उठले होते तेच आठवत नाही — म्हणूनही असेल.

मी अंधेरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. प्रवेशाचं टेबल माझ्याकडे. बारावीचे निकाल लागले की आमच्या मरोळच्या बिल्डिंगमधले लोक माझ्या दारात चपला काढतात. कुठलं कॉलेज बरं, कुणाला फी माफ होते, जातीचा दाखला आहे पण व्हॅलिडिटी नाही तर काय करायचं, मुलगी हॉस्टेलवर एकटी राहील का, मेसचं जेवण कसं असतं. मला माहीत असतं ते मी सांगते. पैसे घेत नाही. लोक म्हणतात, परबताईंना विचारा, त्या चुकीचं नाही सांगणार. हे माझ्या तोंडावर म्हणतात. मी हसते. काय करणार?

आधी प्रज्ञाबद्दल सांगायला हवं.

आमच्याच मजल्यावर पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला दिलीपभाऊ राहतात. मूळ हिंगोलीकडचे. साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ मशीनवर कामाला. दोन मुली — प्रज्ञा मोठी, करुणा तिच्यापेक्षा बरीच लहान. प्रज्ञा अकरावीत गेली त्याच सुमारास माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, समजही सगळी शाबूत होती, पण शब्द मोडून बाहेर यायचे. मला ते कळायचे नाहीत. खरं सांगू? मी कळून घ्यायला थांबायचेच नाही. आईला सांभाळायला ब्युरोतून बायका आणल्या. एकीच्या अंगावर आईने डाव्या हाताने ताट फेकलं. दुसरी दोन दिवसांत स्वतःच गेली.

प्रज्ञा आमच्याकडे अभ्यासाला यायची. त्यांच्या एका खोलीत टीव्ही, कुकर, करुणाचा दंगा. आमचं घर शांत. मी चावी देऊन ठेवली होती. ती आईच्या खाटेजवळ पुस्तकं पसरून बसायची. मी तिला कामाला ठेवलं नव्हतं, कधी तसं बोललेही नाही. पण हळूहळू पाणी पाजणं, कूस बदलणं, पेज भरवणं तिच्याकडे आलं. आणि एक दिवस घरी येऊन बघते तर दोघी बोलत होत्या. आई आपलं ते मोडकं बोलतेय आणि ही पोरगी उत्तरं देतेय, मधेच हसतेय. आईची मालवणी तिला येत नव्हती. पण आईचं कळत होतं.

तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. मी विचारलं, अगं, हे कुठून आलं तुझ्या डोक्यात? म्हणाली, "मावशी, माणसं सांगतात ना कुठं दुखतंय. जनावरं नाही सांगत. ते मला ओळखता येईल असं वाटतं."

तिची परीक्षा, कागदपत्रं, कॉलेजांचा पसंतीक्रम — सगळं मीच केलं. तहसील ऑफिसला तिच्याबरोबर मीच गेले. हे मी चांगुलपणा म्हणून नाही सांगत. उलट त्यामुळेच पुढे मी केलं ते जास्त वाईट ठरतं. कारण ज्या कॉलेजात तिला सीट मिळाली, ते मीच तिला सुचवलं होतं. सरकारी कॉलेज, मराठवाड्यात. फी जवळजवळ माफ, आवारातच मुलींचं हॉस्टेल. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा काही दोष नाही.

सीट लागली म्हणून ती पॅसेजमधून धावत आली. आईच्या खाटेवरच बसली, आईचा चांगला हात धरून हलवायला लागली. आई रडत होती, हसत होती. मीही हसले. तिला जवळ घेतलं. आणि तिच्या खांद्यावरून मला आईची खाट दिसत होती. खरंच सांगते — त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली. आता दुपारी इथे कोण बसणार?

दिलीपभाऊ रविवारी संध्याकाळी आले. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. कॉलेजात हजर व्हायला चार-पाच दिवस उरले होते. खुर्ची दिली तरी टोकावर बसले. प्रज्ञा बरोबर नव्हती.

"ताई, घरचे नको म्हणतेत. इतक्या लांब, आन् तिकडं आता आपलं कुणी राहिलेलं नाही. पोरगी हट्टाला पेटलीय. मला त्यातलं काही समजत नाही. तुमची पोरगी असती तर तुम्ही पाठवली असती का?"

बघा ना — किती सोपा प्रश्न होता. माझं लग्न झालेलं नाही, पोरगी नाही, पण उत्तर मला ठाऊक होतं. एका शब्दाचं उत्तर. तो माणूस ते ऐकायलाच आला होता. मी हो म्हटलं असतं तर घरी जाऊन बायकोला म्हणाला असता, ताईंनी सांगितलंय, आणि विषय संपला असता.

मी म्हटलं, "भाऊ, कॉलेज चांगलं आहे. पण त्या हॉस्टेलबद्दल मी बरं ऐकलेलं नाही."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"मागच्या वर्षी एका मुलीच्या बाबतीत काहीतरी झालं म्हणे. दाबून टाकलं. आमच्या लाइनमध्ये कळतं असलं."

काहीही झालं नव्हतं. मी काहीही ऐकलं नव्हतं. ते हॉस्टेल मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज आलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. आवाज खाली आणून बोलले मी — वाईट बातमी सांगताना आणतो तसा. ते कुठून सुचलं?

आई तिथेच होती. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं झोपलीय. तिने तोंड वळवलं आणि जोरात ओरडली — "धा... धा..." डावा हात खाटेच्या लोखंडावर आपटायला लागली.

दिलीपभाऊ उठून उभे राहिले. "आजी काय म्हणतेत?"

आईचं मला कळत नाही, असं मी वर लिहिलंय. त्या दिवशी कळलं. धाड. तेका धाड. पाठव तिला.

"पाणी मागतेय," मी म्हटलं. आणि पाणी आणायला आत गेले.

प्रज्ञा गेली नाही. त्यांच्या घरात दोन दिवस रडारड झाली, आवाज पॅसेजमध्ये यायचा. माझ्याकडे ती आली नाही आणि मीही गेले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊ असं ठरलं. मग ते वर्ष आलं आणि गेलं. दरम्यान तिला आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घेतलं. ते मीच जमवलं, एका दिवसात. दिलीपभाऊ पेढे घेऊन आले. म्हणाले, ताई, तुम्ही होतात म्हणून पोरगी वाचली. वाचली! मी तो पेढा त्यांच्यासमोर खाल्ला. आईच्या ओठांना लावला तर तिने ओठ मिटून घेतले. त्यानंतर माझ्या हातचं ती खायची, पण माझ्याकडे बघायची नाही. भरवून होईपर्यंत खिडकीकडे बघायची.

आणि प्रज्ञा पुन्हा येऊ लागली. कॉलेज सुटलं की थेट आईकडे, पूर्वीसारखी. मला हवं होतं तसंच झालं होतं, नाही का? पण त्या घरात मला बसता येईना. आईला सगळं माहीत. आणि आईचं बोलणं समजणारी जगात एकच मुलगी — तीच. मी ऑफिसात बसून घड्याळ बघायचे. आता दोघी घरात असतील. आता आई सांगत असेल. घरी आले की आधी प्रज्ञाचा चेहरा बघायचे. रोज.

एकदा मी लवकर आले. चावीने दार उघडलं, त्यांना ऐकू गेलं नाही. आईने प्रज्ञाचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ती बोलत होती. खूप वेळ. थांबत, लाळ गळत, पुन्हा सुरू करत. प्रज्ञा वाकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "हो आजी. कळलं."

मी विचारलं, "काय म्हणतेय गं आई?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"काही नाही मावशी. पंखा कमी करा म्हणतायत."

पंखा बंद होता.

मी आत गेले. चहा टाकला. तिने चहा घेतला, कप धुऊन ठेवला, गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आई जाईपर्यंत, दीड-दोन वर्षं, येत राहिली. तिला कळलं होतं का? कळलं असेल तर का येत होती? माझ्यासाठी तर नक्कीच नाही. हे मी तिला विचारू शकले असते. कितीतरी संध्याकाळी ती समोर होती. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगू. आणि मी विचारायचे, उपमा खाणार का?

आई गेल्यावर तिचं येणं थांबलं.

इथे एक गोष्ट नीट सांगते, नाहीतर तुमची समजूत चुकीची होईल. तुम्हाला वाटेल, बाईची आई आजारी होती, बिचारीने आईसाठी केलं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. तसं नव्हतं. आईसाठी तिसरी बाई आणता आली असती, मला परवडत होतं. सुरुवातीला ताटं फेकली असती, मग रुळली असती. पण तोवर मला रोज दुपारीच घरी यावं लागलं असतं, शनिवारीसुद्धा. मला ते नको होतं. शनिवारी ऑफिस लवकर सुटायचं. मी घरी खोटं सांगून वर्सोव्याला जायचे, बोटीने पलीकडे मढला उतरायचे आणि कोळीवाड्याच्या पुढे एका ठिकाणी नुसती बसायचे. कुणी भेटायला यायचं नाही. काही करायचेही नाही. मासळी वाळत असायची, वास यायचा, बायका आपापसात भांडायच्या. तिथे मला कुणी हाक मारत नव्हतं, एवढंच. तेवढ्यासाठी मी एका मुलीचं कॉलेज बुडवलं. आईला तर प्रज्ञा जायला हवी होती. आईने ओरडून सांगितलं होतं.

प्रज्ञा आता एका लॅबमध्ये आहे. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, स्कूटर चालवते. नोकरी चांगली आहे, लग्नाचं बघतायत. ती सुखात आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि सुखात आहे असं लिहून मला सुटायचंही नाही.

यंदा करुणाला बाहेरगावी सीट लागली. डिप्लोमा, हॉस्टेल धरून. दिलीपभाऊ पुन्हा आले, पुन्हा खुर्चीच्या टोकावर बसले. केस पांढरे झालेत. करुणा मोबाइलमध्ये बघत दारात उभी, तिच्या मागे प्रज्ञा, हातात हेल्मेट. त्यांनी विचारायच्या आतच मी म्हटलं, "पाठवा. अगदी बिनधास्त पाठवा. हॉस्टेल चांगलं आहे."

"तुम्हाला माहीत आहे ते हॉस्टेल?" दिलीपभाऊंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. याही वेळी नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात प्रज्ञा बोलली. आवाज चढवला नाही, माझ्याकडे रागाने बघितलंही नाही.

"पप्पा, मावशींना नका विचारू. उद्या माझी सुट्टी आहे. आपण दोघं जाऊन बघून येऊ."

दिलीपभाऊ गोंधळले. माझ्याकडे बघून ओशाळं हसले — पोरगी उद्धट बोलली म्हणून. "माफ करा हां ताई," म्हणाले.

ते जाऊन बघून आले. करुणा हॉस्टेलवर गेली.

दिलीपभाऊंना अजूनही काही माहीत नाही. जिन्यात भेटले की हात जोडतात, मीही जोडते. हे सगळं मी इथे लिहिलंय. त्यांच्या दारापासून माझं दार हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथे जाऊन मी हे बोललेले नाही.