रद्दीच्या तराजूवर तोललेली होडी

रद्दीवाल्याशी भांडण्यात आमच्या इमारतीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन मी त्याच्या दुकानात जाई. रद्दी कमी भरावी म्हणून त्याची करंगळी तराजूच्या दांडीवर, वजनाच्या बाजूला हळूच टेकली की मी ओरडे, "करंगळी!" तो हसून ती काढून घेई आणि माझी नजर जरा हलली की पुन्हा ठेवी. त्यामुळे बाबांनी आपली शर्यतीची होडी त्याच तराजूवर तोलायचं ठरवलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही घाटकोपरला राहत होतो, मी नुकतीच बँकेत लागले होते आणि बाबा एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते. आता दिवसभर करायचं काय, याचं उत्तर त्यांना पवईच्या तलावाकाठी मिळालं. तिथे काही हौशी मंडळी रविवारी सकाळी रेडिओवर चालणाऱ्या छोट्या होड्या पळवत. त्यांतली विजेच्या मोटरची एक जात बाबांच्या मनात भरली. हायड्रोप्लेन म्हणत तिला. ती पाण्यात बसून चालतच नाही. वेग घेतला की वर उठते, आणि पुढचे दोन्ही बाजूंचे लाकडी ठोकळे आणि मागचा पंखा एवढंच पाण्याला टेकवून सुसाट सुटते. ती पाहून बाबा घरी आले ते चहाच्या खोक्याचं प्लायवुड कुठे मिळेल हे विचारतच.

पुढचे तीन महिने आमच्या बाहेरच्या खोलीत पॉलिशपेपरचा भुसा आणि वॉर्निशचा वास यांनी ठाण मांडलं. "जेवायला वरण वाढू की वॉर्निश?" असं आई रोज विचारी. मामाने दुबईहून रेडिओचा संच आणून दिला. मोटर, बॅटरी, तारा सगळं बाबांनी स्वतः बसवलं. अडीच फुटांची लालभडक होडी तयार झाली तेव्हा आईसुद्धा शेजारणींना बोलावून दाखवायला लागली.

या सगळ्यात एका गोष्टीबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. बाबांचे हात थरथरायला लागले होते. उजवा जरा जास्तच. ज्या हाताने आयुष्यभर केसासारख्या बारीक रेघा ओढल्या, त्याला आता सुईत दोरा ओवणं जमत नव्हतं. डॉक्टरांनी वयावर बोट ठेवलं होतं आणि बाबांनी तो विषय तिथेच मिटवला होता.

होडीचा तोल नेमका कुठे आहे हे पाहायला बाकीची मंडळी ती दोन बोटांवर उचलून धरत. बाबांना ते जमणारं नव्हतं. "मी धरते ना," मी म्हटलं.

"बोटांवर अंदाज कळतो. मला आकडा हवा," ते म्हणाले.

मी हट्ट सोडला. हट्ट सोडणं हा माझा स्वभाव नाही, तेव्हा काय ते समजा.

आकडा काढायची त्यांची रीत सोपी होती. होडीचं एक टोक स्टुलावर टेकवायचं, दुसरं पारड्यात ठेवायचं आणि वजन लिहून घ्यायचं. मग उलट. दोन आकड्यांच्या प्रमाणावरून बॅटरी पुढे सरकवायची की मागे, ते ठरवायचं.

"अहो बाबा, पण त्याचा काटा खोटा आहे!"

"असू दे. दोन्ही वेळा सारखाच खोटा असला की झालं. मला किलो नकोत, प्रमाण हवंय."

आम्ही होडी घेऊन गेलो. रद्दीवाल्याने मोठ्या आदराने गठ्ठे बाजूला सारून जागा केली. आधी शेपूट पारड्यात गेलं. सवयीने त्याची करंगळीही दांडीवर गेली. बाबांनी आकडा लिहून घेतला आणि नाक तोलायला होडी फिरवली. तेवढ्यात करंगळी पुन्हा दांडीकडे सरकताना दिसली आणि माझा पारा चढला.

"अरे, आज तरी लाज बाळग! ही बाबांची होडी आहे, रद्दी नाही!"

तो ओशाळला. होडी तोलून झाली, आणि त्याला चांगली अद्दल घडवली म्हणून मी घरी पोचेपर्यंत स्वतःवर खूश होते. बाबांच्या हिशेबात शेपूट हलकं निघालं. त्यांनी बॅटरी दोन बोटं मागे सरकवली.

रविवारी पवईला पहिल्यांदा होडी पाण्यात सोडली. झकास उठली. सरळ रेषेत वेग घेतला आणि एकाएकी नाक वर करून मागच्या मागे कोलांटी मारून पालथी पडली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी सोडलीच नाही. "माझाच हात हलला," जमलेल्या मंडळींना त्यांनी सांगितलं, आणि रेडिओ पिशवीत घातला.

घरी आल्यावर होडी कपाटावर गेली. "पुढच्या रविवारी शर्यत आहे. तलावावरच्या मंडळींपैकी कुणाला तरी देऊन ये," बाबा म्हणाले.

"तोलातच काहीतरी चुकलं असेल, बाबा."

"आकडे तीन वेळा तपासले मी. होडीत दोष नाही."

म्हणजे दोष कुठे आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. डाव्या हाताने उजवा धरून नुसते बसून राहिले. मला रडू आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी उगाचच आईवर चिडले.

गुरुवारी बँकेतून येताना रद्दीवाल्याने हाक मारली. "ताई, काय झालं? होडी पळाली?"

चार दिवसांचा राग मी त्याच्यावर काढला. "कसली पळते! वाट लागली तुझ्या तराजूपायी!"

"माझ्या? ताई, तुम्ही ओरडलात ना, मग मी एकदम बरोबर तोललं. आईशपथ! करंगळी हवेत होती."

"आणि ओरडायच्या आधी?"

त्याने मान खाली घातली. "आधी नेहमीसारखं."

मी तिथेच उभी राहिले. शेपूट खोट्या काट्यावर आणि नाक खऱ्या काट्यावर! शेपूट मुळात हलकं नव्हतंच, आम्ही ते आणखी जड करून ठेवलं होतं. आणि त्याला मधूनच प्रामाणिक केलं कुणी? मी! स्वतःच्या चुकीचा इतका आनंद मला त्यापूर्वी कधी झाला नव्हता. तीन मजले मी धावत चढले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शेपूट जड होतं."

"हो!"

"म्हणजे नाक उचलणारच."

"कुणीही चालवली असती तरी उचललं असतं, बाबा!"

ते स्टूल ओढून स्वतः वर चढले, होडी उतरवली आणि घरच्या लेंग्यावरच दुकानाकडे निघाले. "हे बघ," रद्दीवाल्याला ते म्हणाले, "खोटं तोल नाहीतर खरं तोल. पण एकदा काय ते ठरव आणि दोन्हीकडे तसंच तोल."

"खरंच तोलतो, काका," तो मोठ्याने म्हणाला. रद्दी घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

रविवारी पाच होड्या होत्या. तरंगत्या डब्यांभोवती चार फेऱ्या. बाबांच्या हातातल्या रेडिओची लांब एरियल सारखी डोलत होती, काठावरच्या सगळ्यांना दिसेल इतकी. होडीला मात्र त्याचं काही नव्हतं. पाण्याला जेमतेम शिवत ती सपाट धावत होती. दुसऱ्या फेरीत एका वळणावर बाहेर फेकली गेली आणि मागे पडली, पण उलटली नाही. चार फेऱ्या पुऱ्या झाल्या. मी इतकी किंचाळले की पहिला आलेला माणूस माझ्याकडे बघायला लागला.

आमचा नंबर चौथा. होडी पुसताना मी समजूत घालायला गेले, "बाबा, पहिल्याच शर्यतीत चौथा म्हणजे..."

"त्या वळणावर मी उशिरा वळवली," ते म्हणाले. "होडीचं काही नाही, हाताचंही नाही. चूक माझी." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "पुढच्या रविवारी आधी वळवतो."