आण्णांचा मूळपुरुष

भावकीतले किस्से कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. वाटण्या होतात, बांध कोरले जातात, बोलणं बंद पडतं, तरी किस्से सामाईकच राहतात! आमच्याकडचे निम्मे किस्से तर एकाच माणसाचे. तो म्हणजे आमचा मूळपुरुष रायाजी. सात पिढ्यांपूर्वी तो कुठून तरी चकलांब्याजवळच्या आमच्या गावी आला आणि राहिला. कुठून आला, तेवढं सांगायचं विसरला.

निजामाच्या अमदानीत या रायाजीचा शोध घ्यायचा विडा माझे चुलते आण्णा यांनी उचलला. हौस म्हणून नव्हे. त्यांची मुलगी यमुना लग्नाची झाली होती आणि तिच्या दोन सोयरिकी एकाच प्रश्नावर मोडल्या होत्या.

"मूळ गाव कोन्तं तुमचं?"

"ह्येच की."

"ह्ये तर आत्ताचं झालं!"

आणि पाहुणे सुपारी न फोडताच उठायचे. ज्यांचं मूळ ठाऊक नाही त्यांची पोर करायची कशी?

* * *

आण्णांच्या मते रायाजी नगरकडून, म्हणजे आमच्या वेळच्या इंग्रजी मुलखातून, तुपाचे बुधले घेऊन आला. म्हणून आम्ही तुपे. खालच्या आळीतले दाजिबा हे आण्णांचे चुलतभाऊ. त्यांच्या मते रायाजी धारूरच्या किल्ल्यात तोफेवर होता. म्हणून आम्ही तोपे. दाजिबांनी जन्मात फटाका उडवला नव्हता, पण दिवाळीला कुठे बार वाजला की म्हणायचे, "आमच्या त्ये रक्तातच हाय!"

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. दिवसभर जुन्या कागदांच्या नकला करायच्या, आणि कागद सगळे उर्दूत. एके दिवशी दोघेही आपापला अर्ज घेऊन हजर. सरकारी रेकॉर्डात आडनाव काय आहे ते बघा म्हणाले. पेशकारसाहेबांनी दप्तर सोडलं, जुना कागद काढला, चष्मा पुसून दोनदा वाचला.

"भाई, उर्दू में दोनों की लिखावट एक ही है. तूप चाहिए तो तूप पढ़ो, तोप चाहिए तो तोप!"

दोघेही लवून सलाम करून बाहेर पडले. संध्याकाळी गावात दोघांनीही सांगितलं की सरकारनं निकाल माझ्या बाजूनं दिला!

* * *

वंशावळ म्हणून दाखवणारा एक भाट अधूनमधून गावात यायचा. आण्णांकडे पुरणपोळी जेवला की त्याचा रायाजी तूप विकायचा, दाजिबांकडे मटण ओरपलं की तोफ डागायचा. एकदा दोघांनी त्याला पारावर एकत्र धरलं.

"आता सांग बे, खरं काय?"

भाट कसला घाबरतोय! डोळे मिटून म्हणाला, "मालक, लढाई काय रोज आसती व्हय? लढाई आसली की तोफ, नसली की तूप!"

* * *

मग आण्णा नाशिकला गेले. तिथल्या उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहिलेली बाडं असतात. दोन दिवस चाळल्यावर एका पानावर खरोखरच रायाजीचं नाव निघालं! पुढे गावाचं नाव होतं, पण ते वाळवीनं खाल्लेलं. शेवटचं 'वाडी' तेवढं शिल्लक होतं. आण्णा घरी आले ते पेढे घेऊनच.

"आर्धं गाव सापडलं!"

दाजिबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ऱ्हायलेलं आर्धं वाळवीला इचारा."

* * *

आता नगरकडच्या वाड्या शोधायच्या होत्या. या खेपेला मी सोबत गेलो होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. शिपायानं बैलगाडी अडवली.

"माल क्या है?"

"माल न्हाई, साहेब. मूळपुरुष हुडकाया चाललोत."

शिपायानं गाडीतला कडबा उचकून पाहिला. खाली काही नव्हतं. "बुजुर्गों पर महसूल नहीं लगता. जाओ!"

आठ दिवस वाड्या पालथ्या घातल्या. शेवटी आंबेवाडीत तुळशीराम तुपे नावाचे एक म्हातारे भेटले. डोळ्यांनी अधू. आण्णांचा हात हातात धरून म्हणाले,

"आमच्यातलाबी एक जन रागानं निघून गेलता म्हनत्यात. त्योच तुमचा रायाजी आसंल बी, नसंल बी."

"पक्कं सांगा की, आबा!" आण्णा अगदी काकुळतीला आले होते.

"पक्कं सांगनारी मान्सं मेली, बाबा."

परतताना नाक्यावर तोच शिपाई. "मिला क्या?" मीच म्हणालो, "आधा मिला."

"आधे पर भी नहीं लगता. जाओ!"

* * *

दुसऱ्या वर्षी यमुनाची तिसरी सोयरीक जमली. युसूफ वडगावच्या पाहुण्यांनी मूळ गाव विचारलंच नाही. नंतर कळलं, त्यांनाही स्वतःचं ठाऊक नव्हतं!

सालातली शेवटची तिथी धरली होती. हळदीच्या सकाळी मांडवात बायकांची गाणी चालली होती आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर धूळ, पायांना फोड.

"आंबेवाडीहून आलो. तुळशीराम आबा परवा गेले. जाताना म्हनले, रायाजी आपलाच. त्यास्नी सुतक कळवा."

गाणी थांबली. भावकीतलं मयत म्हणजे दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात अक्षता पडत नाहीत. तिथी हुकली की लग्न पुढच्या साली, आणि तोवर पाहुण्यांचं मन राहतं की नाही कुणी सांगावं! यमुना हळदीच्या पाटावर बसली होती. तिनं मान वर केली नाही. ज्या निरोपासाठी आण्णा गावोगाव हिंडले, तो आपल्या पायांनी घरी आला होता. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

आण्णांनी त्या माणसाला सावलीत बसवलं, स्वतःच्या हातानं गूळपाणी दिलं. मग म्हणाले, "वाट चुकलात, पाव्हनं. आंबेवाडीचा अन् आमचा काय बी संबंध न्हाई. आमी तोपे. धारूरच्या किल्ल्यावरले."

दाजिबांनी आ वासला. मग पुढे झाले आणि म्हणाले, "व्हय, व्हय. तोफेवालेच आमी." आवाज मात्र नेहमीसारखा चढला नाही.

तो माणूस गूळ खाऊन आला तसा निघून गेला. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, यमुना सासरी गेली.

पुढच्याच आठवड्यात एका पहाटे आण्णा कुणाला न सांगता एकटेच गोदावरीवर गेले. दुपारी परत आले, तेव्हा डोकं तुळतुळीत आणि ओठावर मिशी नाही. पारावरच्या मंडळींनी हटकलंच.

"आण्णा, ह्ये कावून हो?"

"उन्हाळा लई हाय."

"डोक्याचं समजलं. पन मिशा?"

आण्णा चालता चालताच म्हणाले, "मिशांनाबी उकडतं."