चर्चचं तोंड कुठं

शाळेची सहल घेऊन गोव्याला गेले तेव्हा बाकीच्या शिक्षिका समुद्राकडं पळाल्या, आणि मी जुन्या गोव्यातल्या एका चर्चमध्ये मोबाईलचं होकायंत्र धरून उभी होते. आमच्या नववीच्या पोरी माझ्याकडं बघून खिदळत होत्या. खिदळू देत. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि तीसुद्धा माझ्यासाठी नाही, अब्बांसाठी.

माझे अब्बा गवंडी. ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, पण बोटांनी अजून भिंत चाचपतात. आमच्या उमरग्यापासून बारा किलोमीटरवर एका गावात काळ्या दगडाचं कॅथलिक चर्च आहे. मधे एकही खांब नाही, दोन्ही बाजूंना टोकदार कमानी. नवा माणूस लांबून बघतो आणि मशीद समजतो. ते अब्बांनी विशी-बाविशीत बांधलं. असलं काम करणारा दुसरा कुणी असता तर सगळ्या तालुक्याला सांगत फिरला असता. अब्बा त्या रस्त्यानं जातसुद्धा नाहीत.

का जात नाहीत ते मला गेल्या वर्षी कळलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कामाचा विषय निघाला की अब्बा मराठीवर येतात. ते चर्च बांधायला एक परदेशी फादर होते. त्यांनी कागदावर नकाशा काढून दिला आणि इलाजासाठी महिनाभर हैदराबादला गेले. नकाशावर वेदीच्या बाजूला एक बाण होता. अब्बांनी तोवर उस्तादांच्या हाताखाली दोन मशिदी आणि एक ईदगाह केलेली. बाण म्हणजे काबा, नमाजाची दिशा, म्हणजे पश्चिम, ह्यात विचारण्यासारखं काय आहे? त्यांनी फक्की मारून जमिनीवर आखणी केली, पाया घेतला, जोतं वर आणलं. फादर परत आले, खिशातून होकायंत्र काढलं, आणि त्या जोत्यावर मटकन खाली बसले. बाण पूर्वेचा होता; चर्चमध्ये लोक वेदीकडं तोंड करतात, आणि ती पूर्वेला हवी होती.

"लई वेळ बसले गं. मग उठले अन् म्हणले, चांगलं आहे, बांधा. माणूस चांगलं म्हणायला खाली बसतो व्हय?"

साठ वर्षं हा प्रश्न अब्बांच्या पोटात. आपल्या चुकीमुळं एवढे लोक दर रविवारी भलतीकडं तोंड करून प्रार्थना करतात, आणि मेल्यावर ह्याचा जाब कोण देणार, तर आपण. मला राग आला, खरं सांगते. आयुष्यभर ह्या माणसानं दुसऱ्याच्या भिंतीत एक सूत इकडचं तिकडं होऊ दिलं नाही आणि स्वतःला असं कुरतडत बसला. मी म्हटलं, मी विचारून येते. मी चित्रकला शिकवते, इमारती मला थोड्या कळतात, असा माझा समज होता.

गोव्यात तो समज गेला. गाईडला विचारलं, चर्चचं तोंड कुठं असतं? तो म्हणाला, ह्या मोठ्या पांढऱ्या चर्चचं तोंड पूर्वेला. मी खूश. मग लक्षात आलं, हा दरवाजाला तोंड म्हणतोय. घराचं तोंड म्हणजे दारच की. म्हणजे वेदी पश्चिमेला, म्हणजे अगदी अब्बांसारखं! ह्या चर्चचा एक मनोरा कधीच पडला, दुसरा एकटा उभा आहे, आणि ह्याच्याही गवंड्यानं बाण उलटा वाचला की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण रस्ता ओलांडून लाल जांभ्याच्या चर्चमध्ये गेले, तर तिथं होकायंत्रानं वेदी पूर्वेला दाखवली. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एक असं आणि एक तसं. पुढची दोन चर्च बघितली तोवर माझं मलाच कळेना की दार लिहून घेतलंय का वेदी. सोनेरी नक्षी, हात-हातभर जाड भिंती, वरचं गोल छत, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि माझ्या वहीत नुसते बाण.

घरी येऊन अब्बांना सांगितलं, दोन्ही चालतं बहुतेक. अब्बांनी विचारलं, कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही, मी बघितलं. ते भिंतीकडं वळून झोपले.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! बारा किलोमीटरवर चर्च असताना मी गोवा पालथा घालून आले. पुढच्याच आठवड्यात रिक्षा केली आणि अब्बांना तिथं घेऊन गेले. तिथले आत्ताचे फादर केरळचे, मराठी पुस्तकातली बोलतात. अब्बांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फादर ऐकत होते आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. गाववाले त्यांना सांगायचे की दार वास्तुशास्त्राप्रमाणं पूर्वेला ठेवलंय. सकाळच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, ते लोकांकडं तोंड करून उभे राहतात तेव्हा सगळं ऊन त्यांच्या डोळ्यात येतं, आणि सहा वर्षं ते त्या उन्हावर चिडत आलेत. मग ते अब्बांना म्हणाले की आता दिशा कुणी एवढी बघत नाही, देव सगळीकडं आहे.

अब्बांचा चेहरा तसाच राहिला. "ते मलाबी म्हाईत हाय. पण मग ते खाली का बसले?"

प्रश्न बरोबर होता. दिशेला किंमत नसेल तर तो माणूस मटकन का बसला, आणि किंमत असेल तर त्यानं बांधा का म्हटलं? मग फादरांना एकदम काहीतरी आठवलं असावं, कारण ते आमच्यापुढं चालायला लागले आणि चर्चच्या मागं कबरी होत्या तिथं आम्हाला घेऊन गेले.

त्यांनी समजावून सांगितलं की त्यांच्यातल्या जुन्या रीतीप्रमाणं मेलेल्या माणसाचे पाय पूर्वेला ठेवतात, म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवशी उठेल तेव्हा तोंड पूर्वेला. तिथल्या सगळ्या कबरी तशाच होत्या. एकच उलटी. डोक्याकडचा क्रूस पूर्वेला, पाय पश्चिमेला. ती त्या परदेशी फादरांची.

"मला वाटायचं, खणणाऱ्यांचा गोंधळ झाला," फादर म्हणाले. "पण इथले म्हातारे सांगतात, त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं. माझे लोक जिकडं बघून प्रार्थना करतात, मलाही तिकडंच बघत ठेवा. ह्याचा अर्थ मला आज लागला."

मी अब्बांना धरायला गेले, त्यांनी माझा हात बाजूला केला. गुडघे धरून हळूहळू खाली बसले. कबरीच्या डोक्यापासून पायापर्यंत त्यांनी हात फिरवला, मग शेजारच्या कबरीकडं बघितलं, परत हिच्याकडं.

"माझ्यापायी हे बी उलटे झोपले," ते म्हणाले.

मी त्यांना सांगायला गेले की तसं नाही, अब्बा, त्यांनी तुमची बाजू घेतली. पण मलाच त्याची खात्री नव्हती. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. शाळेतलं एखादं मूल उत्तर विचारतं तसं त्यांनी मला विचारलं, "माफी मागू का शुक्रिया म्हणू?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. अब्बांनी त्या दगडावर वाकून काहीतरी म्हटलं. मी जवळच होते, पण मला ते ऐकू आलं नाही.