गाठीचं औषध

माकणीच्या शांतलिंगनं टेम्पो विकला तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, पोरगं जुगाराला लागलं. आणि असं पहिल्यांदा बोलणारा दुसरा कुणी नव्हता, त्याचा बापच होता.

"चांगला चालता टेम्पो इकला. इचारलं तर तोंड उघडत न्हाय," गुंडाप्पा महादेवाच्या कट्ट्यावर सांगत. "पत्त्यात घातला असंल, दुसरं काय!" बोलता बोलता त्यांचा हात उजव्या मांडीवर जायचा. तिथं लिंबाएवढी गाठ आली होती.

खरं काय ते शांतलिंगला एकट्याला माहीत होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासून त्याला आत बोलावलं होतं. कॅन्सर, आणि तोही क्वचित कुणाला होणारा. नाव त्यानं दोनदा विचारून घेतलं, सार्कोमा. आधी गोळ्यांनी गाठ आवळायची, मग ऑपरेशन. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं, त्या गोळ्या बसत नव्हत्या. महिन्याच्या गोळ्यांची किंमत ऐकून त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला होता. बाहेर बाकड्यावर त्याचे अप्पा, गुंडाप्पा, केळ सोलत बसले होते.

"काय म्हन्ला डाक्टर?"

"जुना मार हाय म्हन्ले. रगत साकळलंय. गोळ्यानं जिरंल."

थोरल्या चुलत्यांना घशाचा कॅन्सर निघाला होता. तो शब्द कानावर पडला त्या दिवसापासून त्यांनी समोरचं ताट बाजूला सारायला सुरुवात केली, आणि दुखणं वाढायच्या आधीच ते गेले. तेव्हा अप्पाच म्हणाले होते, "सांगायलाच नको हुतं त्याला." शांतलिंगनं तेवढं वाक्य धरून ठेवलं.

आई नव्हती. बहीण अक्षदा कर्नाटकात दिलेली, तिला फोनवर रडू आवरलं नसतं. गावात सांगावं तर संध्याकाळपर्यंत बातमी कट्ट्यावर. लहानपणापासूनचा सोबती धनाजी एकदा आडवा आला. "काय अडचण हाय का? खरं सांग."

"न्हाय."

मग धनाजीलाही जुगाराचंच खरं वाटलं. पुढं शांतलिंग समोरून आला की तो मोबाइल काढून त्यात बघू लागला.

शांतलिंग आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. लातूरला भाजी उतरवली की परतीच्या वाटेत झाडाखाली गाडी लावून डबा खायचा. कधी कधी केबिनमध्ये मोठ्यानं म्हणून बघायचा, "आमच्या अप्पांना कॅन्सर झालाय." आपलाच आवाज ऐकून दचकायचा आणि काच खाली करायचा.

गोळी उपाशीपोटी घ्यायची होती. तिनं अप्पांना मळमळायचं, तोंड यायचं. काळ्याभोर मिशाही त्या गोळीनंच दोन महिन्यांत पांढऱ्या झाल्या. एका सकाळी त्यांनी वैतागून गोळी अंगणात भिरकावली. शांतलिंग गुडघ्यावर बसून तिथं साचलेल्या मोरीच्या पाण्यात हात घालून ती शोधू लागला. अप्पा ओट्यावरून बघत होते.

"एका गोळीपायी एवढं? टेम्पो उडवताना न्हाय आठवलं?"

तो बोटांनी गाळ चाळत राहिला. विरघळलेली गोळी काही सापडली नाही.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आवळली नाही, पाय मांडीपासून काढावा लागेल. "आणि हे त्यांना माहीत असल्याशिवाय मी हात लावणार नाही. सही त्यांची हवी."

दवाखान्याच्या आवारात त्यानं अप्पांना चहा दिला. त्यांना निम्मा पिऊ दिला आणि सगळं सांगून टाकलं. चुलत्यांचं, गोळ्यांचं, टेम्पोचं. अप्पांनी उरलेला चहा मातीत ओतून दिला.

"म्या गावभर तुझी अब्रू घालवली. तवा बी गप बसलास?"

"व्हय."

"येडा हायस. पाय ठणकायचा तवा मला वाटायचं, पोरगं हातचं गेलं, आता कुनाला सांगू? घरात दोघं असून एकट्यानं काढलं रं म्या."

हे शांतलिंगच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढे महिने त्याला वाटत होतं, एकटे आहोत ते आपणच.

अप्पांनी सही केली. पाय गेला. जखम भरल्यावर कुबड्या घेऊन ते रिक्षानं कट्ट्यावर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या पोरानं पत्त्याला हात लावला न्हाय. त्यानं टेम्पो माझ्यापायी इकला. म्या खोटं बोललो."

मग घरी माणसं यायला लागली. कुणी ज्वारी आणली, कुणी नुसतं बसून गेलं. काहीजण रोग चिकटंल या भीतीनं दारातूनच विचारून परतत, पाणीही नको म्हणत. धनाजी आला. "मला तरी सांगायचंस," एवढंच म्हणाला. दोघं चहा प्याले. पूर्वीसारखं बोलणं काही जुळलं नाही.

पुढच्या वर्षी दुखणं फुप्फुसात गेलं. त्या दिवसांत मात्र बापलेक खूप बोलले. आईबद्दल, धरणात गेलेल्या रानाबद्दल, मेल्यावर काय काय करायचं त्याबद्दल. पेरण्या आटोपल्या आणि एका दुपारी अप्पा गेले. त्यांना उरलेल्या रानातच बांधाकडेला माती दिली.

अक्षदा महिनाभर राहिली. "माझा बाप व्हता, मला आधीच का न्हाय सांगितलं?" म्हणून ती भांडली, रडली, आणि परत गेली. आता रोज दिवेलागणीला तिचा फोन येतो.

"जेवलास का?"

पूर्वी तो "व्हय" म्हणून मोकळा झाला असता.

"न्हाय," तो म्हणतो. "एकट्यासाठी चूल पेटवू वाटत न्हाय."

पलीकडं ती गप्प होते, फोन मात्र ठेवत नाही.