नरहररावांची राखून ठेवलेली फिल्म

हैदराबादच्या विद्यानगरात राहणाऱ्या नरहररावांकडे झटपट फोटो देणारा कॅमेरा होता. त्याची फिल्म कंपनीने बनवायची बंद केली, तेव्हा त्यांच्याकडे एकाच फोटोपुरती उरली. ती त्यांनी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. "गोठवू नका असं पाकिटावर छापलंय," सुलभाबाई म्हणाल्या. "तू आपली गोंगुऱ्याची चटणी सांभाळ," असं बायकोला उत्तर मिळालं.

सुलभाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली. नवऱ्याने आपला एक तरी फोटो काढावा, अशी त्यांची फार इच्छा होती. नरहररावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वाया जाईल," म्हणाले. नातीच्या बारशालाही हेच.

यंदा मराठी मंडळाने पंचाहत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांचा सत्कार केला. न मरण्याखेरीज त्याला दुसरी कर्तबगारी लागत नव्हती. शाल पांघरून, नारळ धरून नरहरराव घरी आले. फिल्म काढून कॅमेऱ्यात घातली आणि तो बायकोच्या हाती दिला. "हात हलवू नकोस. जन्मभराची वस्तू आहे."

सुलभाबाईंनी बटण दाबलं. फोटो बाहेर आला, पण फिल्ममधलं गोठून वाळलेलं रसायन वरपर्यंत पोचलंच नाही. नारळ उमटला, शालीची जर उमटली, आणि मानेच्या वर नुसता तपकिरी डाग.

"हललीस ना शेवटी!" नरहरराव ओरडले.

सुलभाबाईंनी फोटो उजेडात धरून नीट पाहिला.

"नाही हो. सत्कार करण्याजोगं होतं तेवढं सगळं आलंय," त्या म्हणाल्या, आणि फोटो दिवाणखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावला.