प्रत्येक वेळी चारात एक

पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावीला गणित शिकवत होते. संभाव्यतेचा धडा माझ्या आवडीचा. पिशवीतून काढलेला चेंडू परत आत टाकला तर पुढच्या वेळची शक्यता तीच राहते, बाहेर ठेवला तर बदलते. हा फरक मुलांना कळला की मला बरं वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमचा मुलगा थॅलेसेमियाने गेला. त्याच्या अंगात रक्तच टिकत नसे. दर महिन्याला एसटीने मुंबईला नेऊन रक्त चढवायचो. डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोचं रक्त तपासून सांगितलं होतं, "दोष तुम्हा दोघांत आहे. तुम्हाला त्याचा त्रास नाही, पण होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता आहे."

तो गेल्यावर मला पुन्हा दिवस गेले. त्या दुःखात ते लक्षातच आलं उशिरा. पोटातल्या बाळाची तपासणी तेव्हा मोजक्या ठिकाणी व्हायची, आणि तिची वेळ टळून गेली होती.

सासूबाई उरणकडच्या. वाल सोलता सोलता म्हणाल्या, "डाक्टर चारातला येक बोलला ना? तो येक गेला. आता पुढची तिघं बरी निघतील."

यांनाही ते पटलं होतं. मी तीन सोललेले वाल आणि एक सालासकट असे वाटीत टाकले.

"डोळे मिटून एक काढा."

त्यांनी नेमका सालासकटचा काढला आणि बाजूला ठेवायला गेले.

"बाजूला नाही, पुन्हा वाटीत टाका. दर वेळी आत चारच असतात."

वाल त्यांनी मुठीत धरून ठेवला. म्हणाले, "गेलेला परत कसा टाकू?"

सासूबाईंनी वाटी उचलून आत नेली.

मुलगी झाली. आधी चांगली गुटगुटीत होती, मग पांढुरकी दिसू लागली. रिपोर्ट आणायला हे गेले. परत आल्यावर चपलाही न काढता दारात थांबले.

"तुझंच बरोबर होतं," एवढंच म्हणाले.

खरं तर माझं गणितही चारातलं एकच म्हणत होतं. उरलेल्या तीन शक्यतांवर मीसुद्धा मनातून जीव टांगून बसले होते.

पुन्हा मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. एसटीत सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "ह्यो दोष आमच्या घरातला हाय का गो?"

"दोन्हीकडचा, आई. एकाच बाजूचा असता तर तिला हा आजार झालाच नसता."

त्यांनी नातीच्या पायावरचा फ्रॉक नीट केला आणि माझा हात धरला. उतरेपर्यंत सोडला नाही.

मुलगी दुसरीत असताना गेली. तिसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. नव्याने राहायला आलेल्या शेजारणी मला विचारायच्या, मुलं किती. मी उत्तर शोधत असतानाच सासूबाई आतून सांगायच्या, "आमाला दोन झाली."