हुलगे आणि कुळीथ

स्वयंपाकीण मनकर्णाबाईंचा राग पारनेरच्या मुलींच्या वसतिगृहात सगळ्यांना माहीत होता, पण तो चुलीपुरता असे. जाळ लागला नाही की लाकडांचा उद्धार, मग पुन्हा शांत. बहात्तरच्या दुष्काळात मात्र तो राग चुलीबाहेर आला.

त्या वर्षी भाजीपाला नव्हता, तूरडाळ मिळत नव्हती. कोठीत उरलं होतं हुलग्यांचं एक पोतं. मनकर्णाबाई हुलगे भाजून भिजत घालायच्या, सकाळी मऊ शिजवून निम्मे रवीने घोटायच्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर त्यांनी लसूण आणि कोथिंबीर जगवली होती. लसणाची पात, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटून कढणात जायची, वरून जिऱ्याची फोडणी. त्यात भाकरी कुस्करून बत्तीस मुली संध्याकाळपर्यंत तग धरत.

मग रत्नागिरीकडच्या सुनीतीबाई अधीक्षिका म्हणून आल्या. तिसऱ्याच दिवशी, पंगत बसलेली असताना, त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं.

“हे काय?”

“हुलगं.”

“हुलगे? घोड्यांना घालतात ते? शी! ओतून टाका आधी. उद्यापासून कुळथाचं पिठलं करा.”

शिपाई छगनने पातेलं शेजारच्या म्हशीपुढे रिकामं केलं. मुली मिठाशी भाकरी खाऊन उठल्या. शाळेला निघताना एक जण घोड्यासारखी खिंकाळली आणि सगळ्या हसल्या. ओतलेल्या कढणापेक्षा ते हसणं मनकर्णाबाईंना झोंबलं. या पोरी आता हुलग्याला तोंड लावणार नाहीत, आणि दुसरं काही शिजवायला नाही. खातील काय?

कुळीथ हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. छगनला वाण्याकडे पिटाळलं. तो पुडी घेऊन आला.

“वाणी म्हनला, घरात पोतं असताना माज्याकडं कशाला आलास?”

पुडी सोडली. आत हुलगे.

मनकर्णाबाई एका मुठीत पुडीतले आणि दुसरीत पोत्यातले दाणे घेऊन तडक ऑफिसात शिरल्या. दोन्ही मुठी टेबलावर उघडल्या.

“वळखा. कुळीथ कोंचं, हुलगं कोंचं?”

सुनीतीबाईंनी दाणे उलटसुलट केले. “आमच्याकडे डब्यात कुळथाचं पीठच असायचं. दाणा मी कधी...” त्यांचा चेहरा उतरला. “बरं, झाला गैरसमज. जाऊ द्या.”

“कुटं जाऊ द्या? म्हशीच्या पोटात गेलं की! पंगतीत बोललात आन् हापिसात मिटवता? पोरींम्होरं सांगा. न्हाईतर उद्या चूल तुमी पेटवा.”

“मनकर्णाबाई, मी अधीक्षिका आहे.”

“व्हय. म्हनून तर पोरींनी तुमचं खरं धरलं.”

दुसऱ्या दिवशी वाट्यांतून वाफ निघत होती, पण एकही हात पुढे येईना. सुनीतीबाई पंगतीत मांडी घालून बसल्या.

“मुलींनो, आमच्या घरी यालाच कुळीथ म्हणतात. मी हेच खाऊन वाढले. काल मला ओळखता आलं नाही. चूक माझी.” आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.

“म्हंजी बाई बी घोडंच की!” मागून कुणी तरी म्हणालं.

हशा झाला. सुनीतीबाईही हसल्या. भाकऱ्या कुस्करल्या जाऊ लागल्या. मनकर्णाबाईंच्या कपाळावरची आठी तशीच होती.

“अजून थोडं वाढता?” सुनीतीबाईंनी वाटी पुढे केली.

“पोरींचं झाल्यावर,” असं म्हणून मनकर्णाबाईंनी पातेलं पुढच्या मुलीकडे सरकवलं.